चालू, ठेवते

विडी घरकुल, सोलापूर
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय अक्का,

पत्र 'पत्रास कारण की' असं सुरू करायचं, हे मी चौथीत असताना तूच मला शिकवलं होतंस. मामाला पत्र लिहा असा अभ्यास दिला होता, आणि आपल्या मामाला मराठी वाचता येत नाही म्हणून मी रडत बसले होते. तू म्हणालीस, "अगं येडे, खऱ्या मामाला कुठं लिहायचंय, पुस्तकातल्या मामाला लिही की." तर पत्रास कारण आहे. पण ते पहिल्या ओळीत लिहायला हात वळत नाहीये, म्हणून आधी बाकीचं लिहिते.

अम्मा घरी आली. दहा दिवस दवाखान्यात ठेवून सोडलं. डॉक्टर म्हणाले, जिवाचं भय गेलं, आता बाकीचं सावकाश. उजवा हात आणि उजवा पाय अजून तिचं ऐकत नाहीत. रोज सकाळी मी तिच्या उजव्या मुठीत रबरी चेंडू देते, दाब म्हणते, आणि ती डाव्या हाताने तो काढून माझ्याकडे परत देते. विड्या वळायचा हात होता ना तो. तिचं सूप आणि कात्री मी माळ्यावर टाकून दिली होती, तर बोट दाखवून दाखवून परत खाली काढायला लावली. आता सूप तिच्या उशाशी असतं. त्यात काहीच नसतं, तरी जवळ पाहिजे.

नायना लूमवर जातात, माग चालवायला. कान आणखी गेलेत आपल्या बापाचे. परवा कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या आणि ते शेजारी बसून पेपरातले फोटो बघत होते. डाळीचं पिठलं झालं, तेच खाल्लं सगळ्यांनी. पाणी पाचव्या दिवशी येतंय. गड्ड्याची जत्रा महिन्यावर आली, पाळणेवाले येऊन जागा बघून गेले म्हणे. जमीलाआपा रोज दुपारी विड्यांचं सूप घेऊन अम्माजवळ येऊन बसते आणि दोघींच्या वाटणीचं एकटीच बोलते.

माझं गल्लीत लई कौतुक चाललंय. पोरगी पुण्याचं कॉलेज टाकून आईच्या सेवेला आली, असं. देवळाजवळच्या केराबाईंनी परवा भर रस्त्यात माझी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, थोरलीनं घालवलं, धाकटीनं राखलं. तुझ्याबद्दल असं बोलल्या आणि मी मान खाली घालून उभी राहिले. लोकांना वाटलं असेल, लाजते पोरगी.

फोन का नाही केला म्हणशील. तुझा नंबर आहे की अम्माच्या फोनमध्ये, अजून 'जमीला' नावानेच आहे. आठवतंय, मीच तो तसा साठवून दिला होता, नायनांनी बघितलं तरी शेजारणीचा वाटावा म्हणून. अम्माला वाचता येत नाही, तिला एवढंच माहीत, दोनचं बटण दाबून धरलं की चिन्नी आणि तीनचं दाबून धरलं की अक्का. पण मला फोनवर बोलायची भीती बसलीये. कागदावर ऱ्हस्व आहे की दीर्घ ते डोळ्यांना दिसतं. हे मी का म्हणते ते पुढे कळेल.

तू यशपालबरोबर कुर्डुवाडीला गेलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते. तुझी सायकल मला मिळाली, खिडकीजवळची जागा मिळाली आणि अम्मा मिळाली. तोपर्यंत तू तिच्या बरोबर बँकेत जायचीस, रेशनला जायचीस, दवाखान्यात जायचीस, आणि समोरच्याचं मराठी तिला तेलुगूत सांगून तिचं तेलुगू त्याला मराठीत सांगायचीस. तू गेलीस आणि दुसऱ्याच आठवड्यात ती माझा हात धरून विडी कारखान्याच्या हापिसात गेली. तिथल्या साहेबाने विचारलं, मोठी कुठं आहे? मी अम्माला सांगितलं, साहेब विचारतात जेवलात का. तिथून सुरुवात झाली.

लोकांना वाटतं सोलापुरात वीस-पंचवीस वर्षं काढून बाईला मराठी येत नाही म्हणजे काय. त्यांना काय माहीत, आपल्या भागात दुकानदार तेलुगू, देऊळ तेलुगू, विड्या वळायला बसलेल्या सगळ्या जणी तेलुगू. बाजारापुरतं तिला येतंच. पण डॉक्टर घडाघडा बोलायला लागला की तिचा चेहरा कोरा व्हायचा आणि ती माझ्या तोंडाकडे बघायची. डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे. आठवीत पालकसभेला बाई म्हणाल्या, तुमची मुलगी वर्गात फार बोलते, लक्ष नसतं. मी अम्माला सांगितलं, बाई म्हणतात मुलगी छान बोलते, लक्ष ठेवा. तिने खूश होऊन बाईंना नमस्कार केला. ही गोष्ट मी कॉलेजात सांगून सगळ्यांना हसवू शकले असते, पण तिथे मी ती कधीच सांगितली नाही.

मला तुझा राग यायचा, अक्का. तू बौद्धाच्या घरात गेलीस म्हणून नव्हे, तो राग नायनांचा. माझा राग एवढाच होता की तू सुटलीस. मैत्रिणी शाळेच्या सहलीला जायच्या आणि मी अम्माबरोबर डोळ्यांच्या शिबिरात, "वरची ओळ वाचा" हे तेलुगूत सांगत उभी. तिला एकही अक्षर येत नाही हे त्या माणसाला सांगायची मला लाज वाटायची. शेवटी मीच हळू आवाजात तिला अक्षरं सांगितली आणि तिने ती मोठ्याने म्हटली. चष्मा चुकीचा लागला. वर्षभर तसाच घातला तिने.

बारावीला मराठीत मी कॉलेजात पहिली आले. पुण्याला जाऊन मराठीच घेऊन बी.ए. करायचं म्हटल्यावर नायना म्हणाले, त्यात काय शिकायचं, ती तर तुला येतेय. अम्माच भांडली माझ्यासाठी. तीन दिवस चुलीवर काही चढवलं नाही तिने. निघताना एवढंच म्हणाली, रोज फोन कर, तू नाहीस तर मला कोण सांगणार.

पुण्यात पहिल्याच महिन्यात माझी खोलीतली मैत्रीण मनाली म्हणाली, "तू सोलापूरची वाटतच नाहीस, किती स्वच्छ बोलतेस." अक्का, मला बक्षीस मिळाल्यासारखं झालं. तिने विचारलं घरी काय बोलता, मी म्हटलं मराठीच. एवढं सोपं होतं ते. मग अम्माचा फोन आला की मी हॉस्टेलच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी जायचे आणि तिथे तेलुगू बोलायचे, आणि परत येताना तोंड पुसल्यासारखं करून यायचे.

अम्माला भरवायची वेळ झाली. खरं कारण अजून लिहिलंच नाही, कळतंय मला. उद्या लिहिते.


मंगळवार, ९ डिसेंबर

काल लिहिलं नाही. मुद्दाम नाही लिहिलं. काल दिवसभर मी भांडी घासली, चादरी धुतल्या, नायनांच्या सदऱ्याला गुंड्या लावल्या. आज धुवायला काही उरलेलं नाही.

सप्टेंबरच्या अठरा तारखेला आमच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता 'अभिजात मराठी आणि आपण'. माझा नंबर चौथा. आम्ही सगळे सभागृहाच्या दाराशी उभे होतो, मनाली माझ्या साडीला पिना लावत होती, दुसऱ्या कॉलेजची मुलं होती, आमच्या बाई होत्या. तिसऱ्याचं भाषण संपत आलं होतं. तेवढ्यात अम्माचा फोन आला. मी तो घ्यायला नको होता. पण ती दुपारी कधी करत नाही, म्हणून घेतला.

ती म्हणाली, "बिड्डा, गोलीलु इग चाला?"

तुला सांगायला नको. पोरी, गोळ्या आता पुरे का? ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट संपत आलं असेल, डोकं दुखायचं थांबलं असेल, तिला वाटलं असेल आता कशाला. नवीन पाकीट फोडायच्या आधी विचारावं म्हणून विचारलं. सगळंच विचारायची ती मला.

मला नीट ऐकू आलं होतं. गोंगाट होता, घाई होती, असं मी महिनाभर स्वतःला सांगतेय, पण मला नीट ऐकू आलं होतं. तेलुगूत उत्तर द्यायचं तर "वद्दु, आपकु" म्हणायला लागलं असतं, नको, थांबवू नकोस. मनाली माझ्या खांद्यापाशी होती, तोंडात पीन धरून. गोळ्या हा शब्दसुद्धा मला तिच्यासमोर उच्चारायचा नव्हता, कुणाच्या गोळ्या, आई आजारी आहे का, मग बोलते कसं, सगळं आलं असतं. म्हणून मी मराठीत म्हटलं, "हो, चालू. ठेवते."

एवढंच. चालू, ठेवते. माझं नाव पुकारलं म्हणून फोन ठेवते म्हटलं.

चालू ठेव म्हटलं असतं तरी ती कदाचित अडली असती, परत विचारलं असतं. पण मी चालू म्हणून थांबले, आणि तिने ऐकलं तेलुगूतलं चालु. पुरे. बस झालं.

अम्माला मराठीतलं चालू माहीत नाही असं नाही ग. लाईट चालू, नळ चालू, लूम चालू, हे ती रोज ऐकते. पण तिने मला तेलुगूत विचारलं होतं. पोरगी आईला तेलुगूतच उत्तर देणार, हे तिने धरून चाललं. यात तिचं काय चुकलं?

मला दुसरं बक्षीस मिळालं. ती ढाल अजून बॅगेतच आहे, कपड्यांच्या खाली.

त्यानंतर तिने एकही गोळी घेतली नाही. दिवाळीला मी चार दिवस घरी आले तेव्हा चांगली हसतखेळत होती, लाडू वळले, माझ्या डोक्याला तेल लावलं. म्हणाली हाताला मुंग्या येतात. मी मोबाईलमध्ये बघत म्हटलं, दिवसभर विड्या वळल्यावर येणारच की. नोव्हेंबरच्या अकरा तारखेला सकाळी सूप मांडीवर घेऊन बसलेली ती एका बाजूला कलंडली. जमीलाआपाने बघितलं, म्हणून वाचली.

नायनांबरोबर लूमवर काम करणारे ईश्वर मामा दवाखान्यात आले होते. नायनांनी त्यांना अम्माचा फोन देऊन सांगितलं, जमीलाला लावा, घराला कुलूप घालायला सांगा. मामांनी लावला, स्पीकरवर, नायनांना ऐकू यावं म्हणून. पलीकडून तू म्हणालीस, "चेप्पम्मा." बोल अम्मा. सहा वर्षांनी तुझा आवाज त्यांच्या कानावर पडला आणि तोही असा. त्यांना कळलं की तुम्ही दोघी त्यांच्या मागे बोलत होता. त्यात संध्याकाळी घरात अम्माच्या डब्यात तू पाठवलेली शेवग्याच्या पाल्याची पूड सापडली, आणि तिच्या खाली ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट.

नायनांनी गणित घातलं. थोरलीने पूड पाठवली, गोळ्या सोडायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या जिन्यात बसले होते, तर जमीलाआपा डबा घेऊन आली. माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "चिन्नी, तेरी अम्मा मेरेकू बोली थी. चिन्नी फोन पो बोली कते, गोल्यां बस." चिन्नीनेच फोनवर गोळ्या पुरे म्हटलं, असं अम्मा तिला बोलली होती. तिने मला दोष द्यायला नाही सांगितलं. तिला वाटलं मला माहीत असेल, डॉक्टरला सांगायला उपयोगी पडेल. मला तेव्हा तिथे, चौथ्या पायरीवर, सभागृहाचं दार आठवलं. मी म्हटलं, आपा, हे कुणाला बोलू नको. ती डबा माझ्या मांडीवर ठेवून निघून गेली.

अर्ध्या तासाने डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या बंद का केल्या? मी ते नायनांना तेलुगूत सांगितलं. नायना म्हणाले, आमच्या थोरलीने कसली पूड पाठवली आणि गोळ्या सोडायला लावल्या. मी ते डॉक्टरांना मराठीत सांगितलं. एकही शब्द इकडचा तिकडे न करता. अक्का, आजपर्यंत इतकं बरोबर मी कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं, घरगुती औषध घेतल्याने गोळ्या बंद.

आणि दुपारी तू आलीस. यशपाल खाली मोटारसायकलपाशी थांबला होता, तू एकटीच वर आलीस, हातात मोसंब्यांची पिशवी. नायना दारात आडवे झाले. त्यांना स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते केवढ्याने बोलतात तुला माहीतच आहे, सगळा वॉर्ड ऐकत होता. तुझ्या पुडीने हिची वाचा गेली, म्हणाले. तू म्हणालीस, "मी गुडघ्यांसाठी पाठवली होती, नायना, गोळ्या बंद कर असं मी म्हटलं नाही." आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणालीस, "की म्हटलं असेन, चिन्नी? बोलता बोलता?"

मी थर्मास धरून उभी होते. मला फक्त नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी थर्मासचं झाकण घट्ट करत बसले.

तू मोसंबी बाकावर ठेवून गेलीस. ती आम्ही खाल्ली. अम्माला रस काढून दिला, उरलेली मी खाल्ली.

पत्रास कारण हे आहे. तू काही म्हटलं नव्हतंस, अक्का. मी म्हटलं होतं. तू रोज रात्री ते फोन आठवून बघत असशील, कुठल्या वाक्यात काय बोलले मी, म्हणून. आठवू नकोस. त्यात काही सापडणार नाही तुला.


गुरुवार, ११ डिसेंबर

परवाचं लिहून झालं आणि पाकिटात घातलं. मग वाटलं, हे बरंय, तुला गुपचूप लिहिलं आणि इकडे नायनांसमोर गुणाची पोर बनून राहिले. पाकीट फाडलं आणि काल नायनांचा डबा घेऊन लूमवर गेले.

तिथला आवाज तुला आठवत असेल. आठ लूम एकदम. मी त्यांच्या बाजूला जाऊन म्हटलं, नायना, सांगायचंय. ते म्हणाले, आँ? मी म्हटलं, गोळ्यांचं सांगायचंय. आँ? त्यांना वाटलं डब्यात काय आहे ते सांगतेय. असली गोष्ट कानात सांगायची असते, आणि मला देवाने बाप दिला तो असा. मी तोंडाशी हात धरून ओरडले, "गोलीलु चालु अनि नेने चेप्पिन! अक्का कादु!" गोळ्या पुरे असं मीच सांगितलं, अक्काने नाही. आणि नेमका तेव्हाच सुताचा गठ्ठा बदलायला म्हणून मालकाच्या मुलाने मेन स्वीच बंद केला. माझा आवाज तेवढा राहिला. ईश्वर मामा, इतर सगळे, सगळ्यांनी ऐकलं.

नायनांनी टॉवेलाने हात पुसले. बाहेर बाकावर येऊन डबा उघडला आणि जेवायला बसले. मी समोर उभी राहून सगळं सांगितलं. स्पर्धा, मनाली, जमीलाआपा, डॉक्टर. ते भाकरी मोडत राहिले. अर्धी भाकरी तशीच ठेवून डब्याचं झाकण लावलं, माझ्या हातात दिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दान्नि रम्मनु."

तिला ये म्हणावं. एवढंच बोलले. अक्का, मी हे माझ्या मनचं घातलेलं नाही, पाहिजे तर ईश्वर मामांना विचार. इतक्या वर्षांत मी कितीकदा मधलं काहीतरी माझं घातलंय, पण हे त्यांचं आहे, जसंच्या तसं.

कालपासून माझ्याशी ते एक शब्द बोललेले नाहीत. सकाळी चहाचा कप मी दिला तर घेतला नाही, खाली ठेवल्यावर घेतला. तुझ्यावरचा राग होता तो आता माझ्याकडे आलाय, तुझी सायकल आली होती तसाच. त्याला मी काही म्हणणार नाही. केराबाई मघाशी दारावरून गेल्या, बोटं मोडली नाहीत.

जमीलाआपा मात्र दुपारी आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून अम्माजवळ जाऊन बसली. तेवढ्याने मला रडू आलं.

आता अम्माचं. हे मी पहिल्या दिवशी लिहायला पाहिजे होतं, पण लिहिलं नाही, वाक्य तिथपर्यंत यायचं आणि वळायचं. अम्मा अगदीच बोलत नाही असं नाही. तिचा एक शब्द राहिलाय. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, सगळे शब्द जातात आणि एखादा अडकून राहतो. तिचा चालु राहिलाय.

भात भरवला, चालु. तिथे कळतं, पोट भरलं. पंखा लावला, चालु. लाव म्हणते की बंद कर म्हणते, ते हाताकडे बघून ओळखायचं. नायना आले, चालु. जमीलाआपा जायला उठली, चालु. दिवसभर तो एक शब्द माझ्या कानावर पडतो, आणि ती मला शिक्षा म्हणून म्हणत नाही हे मला कळतं, तिच्याकडे दुसरा नाहीच. पण ऐकावा मलाच लागतो.

कॉलेजातून पत्र आलंय. जानेवारीच्या पाच तारखेला हजर झाले नाही तर वर्ष गेलं. मी कुणाला सांगितलं नाही. मला परत जायचंय, अक्का. हे लिहिताना माझी मला शरम वाटते. अम्मा अशी पडलेली असताना मला त्या वर्गातल्या खिडकीजवळची जागा आठवते, आणि लायब्ररी, आणि कुणी कुणाचं काही सांगत नाही, ज्याचं तो बोलतो, ते आठवतं. आणि वाटतं, माझ्यासारखीला परत जायचा काय हक्क आहे. मी इथेच बसावं, हाच चेंडू तिच्या मुठीत देत. लोक त्याला सेवा म्हणतील. मला ती सेवा वाटत नाही, मला ती लपायची जागा वाटते.

काल लूमवरून आले आणि अम्माच्या उशाशी बसून तिलाही सगळं सांगितलं. तेलुगूत, मोठ्याने, दार उघडं ठेवून. फोनवर मी तुला मराठीत उत्तर दिलं होतं अम्मा, मला तुझी लाज वाटत होती म्हणून दिलं. मी चालु नव्हतं म्हटलं, चालू म्हटलं होतं. कॉलेजचं पत्र पण दाखवलं. म्हटलं, जात नाही मी आता कुठं.

ती पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती, दवाखान्यात बघायची तशी. मग तिने डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाली, "चालु."

ते तेलुगू होतं की मराठी, मला कळलं नाही ग. पुरे, रडणं पुरे म्हणाली? पुरे, तुझं सोंग आता पुरे म्हणाली? की चालू म्हणाली, जा, तुझं तू चालू ठेव? मी तिला परत विचारलं. तिने परत तेच म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं. सहा वर्षं मी लोकांना तिचं बोलणं सांगत आले, आणि आता तिचा एक शब्द मला लावता येत नाही.

म्हणून ये. नायनांनी बोलावलंय, पण त्यांच्यासाठी येऊ नकोस, आणि माझ्यासाठी तर मुळीच नको. मी तुझ्याकडे माफी मागत नाहीये, ती मागायला मला तोंड नाही. अम्मा तुझ्या बोटाला धरून माझ्या आधी चार हापिसं फिरलीय. तिचा श्वास कुठं अडतो, भुवई कधी वर जाते, ते तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंयस. तिच्याजवळ बस आणि तो शब्द ऐक. मग मला सांग, ती काय म्हणतेय. जा म्हणत असेल तर पाच तारखेच्या आत सांग. थांब म्हणत असेल तर तेही सांग. मी मध्ये बोलणार नाही, एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही.

सकाळच्या गाडीने ये, उजेडी, पुढच्या दाराने. बावांना घेऊन ये. यशपालला मी पहिल्यांदाच बावा, भावोजी, असं लिहितेय, त्यांना वाचून दाखव. शेवग्याची पूड मी परत तिच्या डब्यात भरून ठेवलीय, गोळ्या तिच्या शेजारी. रोज सकाळी आठला एक गोळी मी स्वतःच्या हाताने देते.

गोळी गिळली की ती म्हणते, चालु. आणि मी तिला तेलुगूत सांगते, नाही अम्मा, पुरे नाही, अजून घ्यायचीय.

तू ऐकून सांगेपर्यंत कुठेच न जाणारी, तुझं नाव घेतलं गेलं तेव्हा गप्प राहिलेली,
तुझी धाकटी बहीण, तुझी चेल्लेलु,
चिन्नी